सासूबाईंनी फोनवर केलेलं निदान

माझी नात हल्ली फोनच्या पडद्यासमोर आ वासून डॉक्टरांना घसा दाखवते आणि वर मला समजावते, की आजी, बघ किती नवीन निघालंय. मी मान डोलावते. पोरीचा उत्साह कशाला मोडा? पण लांबून डॉक्टरकी कशी चालते, हे मला कोणी शिकवायला नको. एकोणीसशे पन्नास-साठच्या सुमाराला तसला दवाखाना मी स्वतः चालवला आहे. पाटी नाही, खुर्ची नाही. एक टाक, एक दौत आणि पोस्टाची पाकिटं एवढंच भांडवल.

रोगी म्हणजे माझ्या सासूबाई. डॉक्टर म्हणजे माझे धाकटे दीर. ते मुंबईच्या एका इस्पितळात नोकरीला होते, लग्नाचं नाव काढू देत नव्हते आणि तिथेच डॉक्टरांच्या खोल्यांत राहत होते. आमचं घर देवगडच्या अलीकडे, खाडीकाठच्या एका गावात. या दोघांच्या मधलं सगळं अंतर माझ्या गळ्यात पडलं, कारण घरात लिहिणारी मी एकटी. मी सातवीची फायनल पास होते आणि माझं अक्षर चांगलं होतं, हे मला जरा जास्तच ठाऊक होतं. आमच्या ह्यांना पत्र लिहायला बसवलं की कपाळाला घाम फुटायचा. आंब्याच्या पेटीवर पत्ता रंगवण्यापलीकडे त्यांनी जन्मात काही लिहिलं नाही.

आता देवगडात डॉक्टर नव्हते असं नाही. चांगले होते, हाताला गुण असलेले होते. पण सासूबाईंचं म्हणणं एकच. "माझो झील डाक्टर. मगे मी लोकांच्या डाक्टराक हात कित्या दाखवू? लोक काय म्हणतले?" डॉक्टर झालेल्या मुलाच्या आईनं दुसऱ्याच्या दवाखान्याच्या बाकावर बसायचं, म्हणजे मुलाच्या डिग्रीचा जाहीर अपमान. गावालाही ते पटलेलं होतं. तेव्हा दुखणं इथे आणि औषध मुंबईला, ही व्यवस्था सगळ्यांच्या संमतीनं ठरली.

दुखणं सापडलं मुंग्यांमुळे. दीर मे महिन्यात घरी आले होते. सकाळी परसात दात घासता घासता त्यांना मोरीशी मुंग्यांची जाड रांग दिसली. सासूबाई म्हणाल्या, "त्ये काय, दोन वर्सां झाली, रोज येतत." दीर घासायचे थांबले. दोन दिवसांत त्यांनी निदान केलं, की लघवीतून साखर जाते आहे. परत जाताना मला एक खोका देऊन गेले. त्यात साखर उतरवायच्या गोळ्या, निळ्या औषधाची बाटली, काचेची नळी, ती धरायचा चिमटा आणि स्पिरिटचा दिवा. नळीत चमचाभर निळं औषध घ्यायचं, त्यात आठ थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळं राहिलं तर उत्तम. हिरवं झालं तर साखर थोडी, पिवळं झालं तर बरीच, आणि विटेसारखं तांबडं झालं तर ताबडतोब कळवायचं.

मी दर रविवारी चुलीपासून लांब, मागल्या पडवीत हा प्रयोग करायची. सुरुवातीला आळीतल्या बायका बघायला यायच्या. आठ थेंब कशाचे ते कळल्यावर यायच्या बंद झाल्या.

अडचण रंगांची आली. मी लिहिलं, 'हिरवा रंग आला.' दिरांचं उलट पत्र आलं, 'हिरवा म्हणजे कोणता? निळसर की पिवळसर?' मी लिहिलं, 'मध्यम.' त्यांनी लिहिलं, 'वहिनी, मध्यम नावाचा रंग नसतो.' अक्षराचा सगळा तोरा उतरला. शेवटी ह्यांनी तोडगा काढला. आंब्याच्या कलमांत आयुष्य गेलेल्या माणसाला रंग कोण शिकवणार? ते नळी उजेडाकडे धरून म्हणाले, "ह्या लिव, पाडाक इलेलो आंबो." दिरांना तत्काळ समजलं, तेही त्याच कलमांखाली वाढले होते. तेव्हापासून माझ्या आईसमान सासूची प्रकृती आम्ही हापूसच्या भाषेत कळवू लागलो. कैरी म्हणजे गोळी नेहमीची. पाडाचा म्हणजे भात कमी. पिकला म्हणजे गोळी वाढवा. मुंबईत शिकलेल्या कुठल्या डॉक्टरनं असले कागद जपून ठेवले असतील असं वाटत नाही, पण दीर ठेवत होते.

सासूबाईंना हे सगळं मान्य होतं, फक्त पथ्य मान्य नव्हतं. आंबा खायचा नाही, फणस खायचा नाही, भात मोजून खायचा, हे त्यांना मुलानं सांगितलं म्हणून त्या ऐकत, आणि मी सांगितलं म्हणून मोडत. एकदा कार्तिकात त्यांनी शेजारच्या बारशात पोटभर खीर खाल्ली. दुसऱ्या दिवशी रविवार. रंग बिघडणार आणि बातमी मुंबईला जाणार, हे त्यांना कळून चुकलं. मग त्यांनी आपल्या परीनं उपाय केला. तपासायच्या भांड्यात अर्धं शहाळ्याचं पाणी ओतून ठेवलं. शहाळ्याइतकं थंड आणि निर्मळ दुसरं काय? आमच्याकडे तर ते दुखणेकऱ्याला पहिलं देतात. मी उकळलं मात्र, आणि नळीत नुसती वीट उभी राहिली. त्यापूर्वी मी तसला रंग पाहिला नव्हता.

मी घाबरून तार ठोकली, 'आंबा पूर्ण पिकला.' पोस्टमास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि तार केली. पण संध्याकाळच्या आत जामसंड्याहून दोन व्यापारी आमच्या अंगणात हजर. कार्तिकात कोणाचं कलम पिकलं, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं. तारेतला मजकूर गुप्त असतो असं म्हणतात. असेल, बाकीच्या गावांत असेल. दुसऱ्या दिवशी मुंबईची तार आली, 'गोळी दुप्पट करा.' केली. त्याच्या पुढच्या दिवशी सासूबाईंना भर दुपारी दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले आणि त्या पायरीवरच बसल्या. गूळ तोंडात टाकल्यावर पाच मिनिटांत सावरल्या आणि मग खीर, शहाळं, सगळं एकदम कबूल झाल्या. "माका काय म्हायत गो, त्या निळ्याक शाळ्याचा पाणी चलणा नाय म्हणान," असं वर मलाच सुनावलं.

नळीतली वीट शहाळ्यातल्या साखरेची होती, हे सगळं मी सविस्तर लिहून कळवलं. दीर हसले असतील. पण पुढच्या पत्रात एक वेगळंच फर्मान आलं. साखरेच्या माणसानं अनवाणी चालू नये, पायाची जखम लवकर भरत नाही. सोबत, जत्रेला गावी आलेल्या एकाकडे दिलेल्या, सासूबाईंसाठी कोऱ्या करकरीत चामड्याच्या वहाणा.

सासूबाईंनी पासष्ट वर्षांत पायात काही घातलं नव्हतं. पण मुलानं पाठवलेल्या म्हणून त्या वहाणा त्यांनी घेतल्या आणि हातात धरून देवळात गेल्या. देवळातून हातात धरूनच परत आल्या. मी इमानदारीनं तेही कळवलं. माझ्या इमानदारीचा मला तेव्हा फार अभिमान होता. दिरांनी रागावून लिहिलं, 'वहाणा पायात घालायच्या असतात हे आईला सांगा.' मग त्यांनी घातल्या. तिसऱ्या दिवशी करंगळीला फोड आला. तो त्यांनी आठ दिवस लपवला. म्हणजे जो पाय कालवांच्या शिंपल्यांवरून, काट्यांतून, तापलेल्या कातळावरून धडधाकट चालत आला, तो वैद्यकीय सल्ल्यानं जखमी झाला.

मला दिसली तेव्हा जखम वालाच्या दाण्याएवढी होती. दिरांनी लिहिलं, की 'वालाएवढी' चालणार नाही, पातळ कागद जखमेवर धरून पेन्सिलीनं कड काढा आणि पाठवा. मी पतंगाचा कागद आणला. दर रविवारी सासूबाई पाय पाटावर ठेवून बसत आणि मी त्यांच्या करंगळीचा नकाशा काढी. कड, तिच्या आत जिथे पू तिथे ठिपके, जिथे काळं तिथे रेघा. नकाशे सुबक येत होते. जखमही मोठी होत होती. चौथ्या रविवारी ती काजूच्या बीएवढी झाली आणि रेघांचा भाग ठिपक्यांहून मोठा झाला.

उलट टपाली पत्र आलं. दिरांचं एवढं लहान पत्र मी कधी पाहिलं नव्हतं. 'आईला ताबडतोब घेऊन या. आता आणलं तर बोट जाईल. उशीर केलात तर पाय जाईल, आणि त्याहून उशीर केलात तर काय ते मी लिहीत नाही.' त्यांना स्वतःला रजा मिळत नव्हती. बढतीची नवी जागा होती, लागून चार महिने झाले होते.

मी ते वाचून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "मी येवचंय नाय. मुंबैत पाय कापतत. जावचो तर माझो पाय हंयच जांवदे." ह्यांनी समजावलं, मी रडून दाखवलं, देवगडच्या डॉक्टरांना घरी आणायची गोष्ट काढली तर त्यांनी दाराला आतून कडी लावली. दिवस जात होते. पायाला वास यायला लागला होता. त्या वासानं मी रोज सकाळी नाकाला पदर लावायची, आणि त्या मात्र देवाला फुलं काढायला लंगडत परसात जायच्या.

त्याच महिन्यात आमच्या पोस्टात फोन आला. नवे खांब रोवले, आणखी तारा ओढल्या, भिंतीवर काळं यंत्र बसलं आणि गावाला एक नवं देवस्थान मिळालं. दिरांचं पत्र आलं, 'बुधवारी सकाळी ट्रंक कॉल लावा. मी इस्पितळातच असेन, शिपाई मला बोलावून आणेल. आईशी मी बोलतो. माझा आवाज कानावर पडला की ती नाही म्हणणार नाही.'

बुधवारी सासूबाईंना गाडीत बसवून पोस्टात नेलं. ठेवणीतलं लुगडं नेसून, पायाला फडकं बांधून त्या निघाल्या. कॉल सकाळी लावला, तो लागला दुपारी. तेवढ्या वेळात निम्मं गाव पोस्टात जमलं. काहींना खरंच टपालाचं काम होतं. बाकीचे, डॉक्टर तारेतून पाय कसा तपासतो ते बघायला आलेले. एका म्हातारबुवांनी तर मला विचारलं, "पाय यंत्राक लावूचो लागता काय गो?" घंटी वाजली तेव्हा पोस्टमास्तर स्वतः दचकले. मी रिसिव्हर सासूबाईंच्या कानाशी धरला आणि माझाही कान जवळ नेला. वेळ तीन मिनिटं.

"आये!" पलीकडून दिरांचा आवाज आला, लांबून आणि तुटत तुटत. "आये, मी बोलतंय. पाय कसो आसा?"

सासूबाईंनी आधी यंत्राकडे बघितलं, मग पदर सारखा केला. "जेवलंस काय रे?"

"जेवलंय. पाय... पायाचा सांग. काळो पडलोहा?"

"काय जेवलंस?"

पोस्टात हशा पिकला. मी कपाळाला हात लावला. पलीकडून दीर काहीतरी ओरडत होते, मध्येच थांबत होते, पुन्हा बोलत होते. सासूबाईंनी उत्तर देणं सोडून दिलं. डोळे मिटून नुसत्या ऐकत राहिल्या. मला वाटलं, ऐकू येत नसेल. मग त्या एकदम म्हणाल्या, "तुका धाप कित्या लागता?"

"काय?"

"धाप, धाप. असो कित्या बोलतंस?"

"जिनो चढान इलंय. फोन वर आसा. ता ऱ्हवांदे, आये, तू..."

"कितके जिने?"

"दोन! आये, टायम संपता..."

सासूबाईंनी रिसिव्हर माझ्या हातात दिला आणि वळल्या. मुलगा अजून बोलत होता. त्या सगळ्या पोस्टासमोर म्हणाल्या, "ह्येका बरा नाय. दोन जिने चढान माझ्या झिलाक इतकी धाप? माका मुंबैक घेवन चला. मी गेल्याशिवाय तो कोणाक सांगाचो नाय."

लोकांनी हसून हसून पोस्ट डोक्यावर घेतलं. रोग्यानं डॉक्टरला तपासलं, तेही तारेतून, तेही न विचारता! पोस्टमास्तर चष्मा पुसत म्हणाले, की बाईंनी फीसुद्धा घेतली नाही. मीही हसले. हसले, कारण मला सुटल्यासारखं झालं होतं. महिनाभर पायासाठी ज्या हलल्या नव्हत्या, त्या एका चुकीच्या निदानावर मुंबईला निघाल्या होत्या. निदान चुकीचं आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. कोणालाच नव्हती.

तिसऱ्या दिवशी देवगडहून बोट धरली. सासूबाईंना पडावातून बोटीवर चढवताना चार खलाशी लागले. पायाला हात लागला तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. हातात पिशवी घट्ट धरलेली. पिशवीत ओवा, ज्येष्ठमध, अडुळशाची पानं आणि मेथीचे लाडू, सगळं मुलाच्या छातीसाठी. स्वतःच्या पायासाठी काहीच नव्हतं.

धक्क्यावर दीर उभे होते. मला तर चांगले दिसले, जरा वाळल्यासारखे. सासूबाईंनी त्यांना खाली वाकायला लावलं, पाठीवरून हात फिरवला आणि पहिलं वाक्य बोलल्या, "आता माझ्यादेखत जिनो चढान दाखव." दीर हसत हसत म्हणाले, की आधी तुझा पाय बघू दे.

पाय बघितला आणि हसू गेलं. त्याच दिवशी आत घेतलं, दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया. करंगळी गेली, तिच्या शेजारचं बोट गेलं. पाय राहिला. मोठे सर्जन आम्हाला म्हणाले, की अजून आठवडा गेला असता तर गुडघ्यापासून काढावा लागला असता. मी बाहेरच्या बाकावर बसून रडले. दीर शेजारी बसले आणि माझ्या नकाशांचा गठ्ठा सर्जनना दाखवत म्हणाले, "हे सगळं माझ्या वहिनीनं काढलंय." मला इतकं बरं वाटलं, की अजून आठवतं.

वॉर्डात सासूबाई वीस दिवस होत्या. या वीस दिवसांत त्यांनी पांढऱ्या कोटातल्या एकाही माणसाला सोडलं नाही. नर्स असो, शिकाऊ डॉक्टर असो, झाडूवाला असो. "माझ्या झिलाक तपासा. तेका धाप लागता." लोक म्हणायचे, आईची माया. दीर ओशाळे व्हायचे. शेवटी एका दुपारी सर्जन फेरीला आले असताना सासूबाईंनी त्यांचा कोटच धरला. सर्जन आणि दीर एकमेकांचे जुने मित्र. सर्जन म्हणाले, "ठीक आहे आई, तुमच्यासमोरच तपासतो." त्यांनी दिरांना पलंगाशी उभं केलं, गळ्यातल्या स्टेथोस्कोपची चकती त्यांच्या कोटावरून इकडे तिकडे टेकवली आणि मोठ्यानं म्हणाले, "फर्स्ट क्लास! एकदम घोडा आहे तुमचा मुलगा!"

स्टेथोस्कोपची टोकं त्यांच्या कानात नव्हती, मानेवरच लोंबत होती. ते मला दिसलं. नर्सला दिसलं. आम्ही दोघी तोंड लपवून हसलो. सासूबाईंना त्यातलं काय कळलं कोण जाणे. त्या उशीवर मान टेकून छताकडे बघत राहिल्या.

परतीच्या बोटीत बसायच्या आधी धक्क्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "त्या डाक्टरान ह्येका तपासूक नाय. माका बरा करून धाडल्यानी, ह्येच्याकडे कोणी बघूक नाय. तू लिव. दर पत्रात लिव, छाती दाखव म्हणान. तुझा तो आयकता. तुझा अक्षर वाचता तो."

मी हो म्हटलं.

आणि लिहिलं नाही. आज याचं कारण सांगायला बसले, तर एकही धड सांगता येत नाही. धडधाकट, मिळवत्या माणसाला तुझ्या छातीत काहीतरी आहे असं शाईनं लिहायचं, हेच आमच्या हाताला वळत नाही. आमच्याकडे पत्राचा आरंभ आणि शेवट खुशालीचा असतो, दुखणं असेल ते मध्ये. आणि तेही असलेलं. नसलेलं लिहून कोणी ओढवून घेत नाही. शिवाय ते डॉक्टर. डॉक्टरला मी फायनल पास बाईनं, तेही सासूच्या सांगण्यावरून, तपासून घ्या म्हणून सांगायचं? ते हसले असते. खरं म्हणजे हेच, की ते हसतील म्हणून मी लिहिलं नाही. त्यांनी माझे नकाशे वाखाणले होते. त्यांच्या लेखी मी शहाणी ठरले होते, आणि मला शहाणीच राहायचं होतं. पाय कसा भरतो आहे, नळीत आंबा कुठल्या रंगाचा आहे, हे मी बारकाईनं चार चार पानं लिहीत होते. ते एक वाक्य राहून जात होतं. सासूबाई दर वेळी पाकीट चिकटवायच्या आधी विचारत, "लिवलंस मां?" मी दर वेळी म्हणत होते, "लिवलंय."

असं सव्वा वर्ष गेलं. सासूबाई त्या पायावर परसात, देवळात, कलमांत हिंडायला लागल्या. जरा फेंगडं चालायच्या, एवढंच. साखर कैरीच्या आत राहिली. आमचा दवाखाना उत्तम चालला होता.

मग एका सकाळी पोस्टमास्तर स्वतः तार घेऊन घरी आले. पोस्टमन असताना मास्तर घरी येतात म्हणजे काय, ते मला पायरीवरच समजलं. दीर इस्पितळाचा जिना चढत होते. मध्येच पायरीवर बसले, शिपायाला म्हणाले जरा पाणी दे, आणि पाणी येईपर्यंत ते गेले होते. हे सगळं नंतर कळलं. तारेत तीनच शब्द होते. पस्तिशी नुकती उलटली होती त्यांची. हृदयाचं दुखणं जुनं असावं, असं त्या सर्जननी ह्यांना सांगितलं. वेळेवर तपासलं असतं तर, असंही म्हणाले आणि मग बोलायचे थांबले. आपण एकदा तपासलं होतं हे त्यांना आठवलं की नाही, ते मला माहीत नाही.

सासूबाई पहिले दोन दिवस रडल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी रडल्या त्या आठवडाभर. चौदाव्या दिवशी पाहुणे पांगल्यावर त्या मागल्या पडवीत कोकमाची भिरंडं फोडायला बसल्या. मी समोर सुपात बिया काढत होते. त्यांनी हातातली सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं.

"तू तेका लिवलं होतंस मां? छाती दाखव म्हणान?"

त्या वेळी खरं सांगता आलं असतं. घरात तिसरं कोणी नव्हतं. पण मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि माझी जीभ सवयीनं वळली.

"होय आई. दर पत्रात."

त्यांनी हाताला लागलेला रस पदराला पुसला. मग मान हलवली. "मगे त्येना आयकूक नाय," त्या म्हणाल्या. "आवशीचा आयकूक नाय तो." आणि सुरी पुन्हा उचलली.

त्यानंतर त्या अकरा वर्षं जगल्या, मुलानं वाचवलेल्या त्याच पायावर. दिरांची आठवण कोणी काढली, त्यांच्या हुशारीचं, मनमिळाऊपणाचं कौतुक केलं, की सासूबाईंचा चेहरा बंद व्हायचा. "हुशार होतो, पण आयकणारो नाय. वैनीन लिवन लिवन बोटां मोडल्यान, पण तेना माझा आयकूक नाय," एवढं बोलून त्या विषय बदलायच्या. दिरांच्या श्राद्धाचं पानसुद्धा त्या रागानंच वाढायच्या. मी आत जाऊन काहीतरी काम काढायची. आपल्या गेलेल्या मुलाला त्यांनी शेवटपर्यंत माफ केलं नाही, आणि खरं तर माफ कोणाला करायचं ते मी त्यांना सांगितलं नाही.